आरोग्याचा संकल्प कोणाच्या नावे?



देवस्थानच्या अभिषेकाच्या पावत्या लिहिण्याची सेवा मी शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यापासून करीत आहे. खिडकीपुढे आलेल्या भाविकास दोन प्रश्न विचारावे लागतात : पावती कोणाच्या नावे करावयाची आणि गोत्र कोणते. पहिल्या प्रश्नाची उत्तरे लिहिता लिहिता एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. पावती करण्यास बहुधा स्त्रिया पुढे येतात, आणि त्या जे नाव सांगतात ते त्यांचे स्वतःचे नसते. मुलाचे असते, नातवाचे असते, यजमानांचे असते. सुनेचे दिवस भरत आले असल्यास सुनेचे असते. कारण विचारल्यास 'तब्येत बरी राहावी म्हणून' असे उत्तर मिळते. हे उत्तर देणारी माउली मात्र पायऱ्या चढून आल्यामुळे खिडकीची कड धरून धापा टाकीत असते. पदराच्या गाठीतून पैसे सोडविताना तिचा हात थरथरत असतो. तिच्या नावाची पावती मात्र वर्षभरातून कधी तरी एखादी होते.

वस्तुतः गुरुजी जो संकल्प सांगतात त्यात 'सकुटुंब' आणि 'सपरिवार' असे शब्द येतात. कुटुंबासह म्हणजे कोण? हातावर पाणी घेऊन जो पाटावर बसला आहे तो. आयुष्य, आरोग्य आणि ऐश्वर्य यांची मागणी त्याच्यासाठी आहे आणि त्याच्यासह इतरांसाठी आहे. ज्याला संकल्पाने वगळले नाही त्याला आपणच का वगळतो, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. त्याविषयी जे सुचले ते यात्रेकरूंच्या या पुस्तिकेत मांडावे, असे विश्वस्त मंडळींनी सुचविले; म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. आरोग्याची हेळसांड अज्ञानामुळे होते, असे आपण धरून चालतो. तसे असते तर ती एव्हाना संपावयास हवी होती. सकाळी चालावे, तंबाखू व मिसरी सोडावी, मीठ व साखर बेताने घ्यावी, चाळिशीनंतर रक्तदाब तपासून घ्यावा, हे आज न ऐकलेला मनुष्य आपल्या जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. ज्ञान आहे, ते पायांत उतरत नाही. भयाचीही तीच गत. शेजारच्या घरातील कर्ता पुरुष हृदयविकाराने गेला म्हणजे चार दिवस आळीतील सर्व मंडळी पहाटे फिरावयास निघतात. तेराव्यापर्यंत त्यांपैकी निम्मी गळतात, आणि पुढे लग्नसराई आली की उरलेलीही पंक्तीत दिसू लागतात. आपल्या भाषेत यासाठी स्मशानवैराग्य असा नेमका शब्द आहेच. भीतीने घेतलेला नेम भीती ओसरली की सुटतो.

तेव्हा प्रश्न माहितीचा नाही, कारणाचा आहे. मी माझा देह का सांभाळावा? कोणासाठी?

या प्रश्नाला आपल्याकडे एक उत्तर फार प्रतिष्ठा पावलेले आहे. देह नाशवंत, त्याचे चोचले काय पुरवावयाचे? उत्तर अर्धे खरे आहे, म्हणूनच ते फसविते. भगवद्गीतेने आत्म्याचे अविनाशित्व सांगितले हे सर्वांना ठाऊक असते. तिच्याच सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला व मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे, आणि सतराव्यात देहाला दुराग्रहाने पीडा देणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. तेराव्या अध्यायात तर शरीराला 'क्षेत्र' हेच नाव दिले आहे. शेकडो कोसांवरून आपण क्षेत्राला येतो, आणि जे क्षेत्र सदैव बरोबर आहे त्याची बांधबंदिस्ती कोणी करावयाची याचा विचार करीत नाही. तालमीच्या भिंतींवर, शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे अशा अर्थाचे जे संस्कृत वचन रंगविलेले असते ते कालिदासाच्या 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गातील आहे. ते मल्लाला उद्देशून नाही. घोर तप करणाऱ्या पार्वतीला ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेले शंकर विचारतात, की तू आपल्या शक्तीच्या बेताने तप करतेस ना? मल्लाला हे सांगण्याची गरज नव्हती. जी व्यक्ती दुसऱ्या कशाच्या तरी ध्यासात स्वतःला विसरली आहे, तिला हा प्रश्न विचारावा लागतो.

अशी एक व्यक्ती आमच्या घरात होती. माझी थोरली बहीण, आक्का. तिचे सासर आमच्या गावापासून दोन किलोमीटरवर, मळ्यात. मुलाला नोकरी लागावी म्हणून तिने सोळा सोमवार केले, दिरांच्या आजारपणात संकष्टी धरली ती सोडली नाही, आणि एकादशी तर माहेराहून बरोबर नेलेली. तिचा उपवास 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या जातीचा नव्हता; चहा आणि मूठभर शेंगदाणे यांवर तो पार पडे. पन्नाशीच्या आसपास तिचा रक्तदाब वाढलेला आढळला व रोजची गोळी सुरू झाली. महिना दोन महिने तिने ती घेतली. पुढे डोके दुखावयाचे थांबले. मग 'बरे वाटते आहे तर कशाला' म्हणून एक दिवसाआड घेऊ लागली, आणि उरलेल्या गोळ्या तोच त्रास असलेल्या जावेला देऊन टाकल्या. वाढलेला रक्तदाब पुष्कळदा काहीच जाणवू देत नाही. बरे वाटणे हे गोळीचे काम असते, गोळी नको झाल्याची ती खूण नसते. हे तिला सांगणाऱ्यांत मीही होतो. ती म्हणे, "अरे, माझ्यापायी दर महिन्याला खर्च कशाला?"

एका श्रावणात तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. त्यानंतर ती साडेचार वर्षे अंथरुणावर होती. आपल्यापायी कोणाला तोशीस पडू नये म्हणून जी जन्मभर जपली, तिच्यासाठी सुनेला रात्री तीन वेळा उठावे लागे. बोलता येऊ लागल्यावर तिने हे मला एकदा अडखळत बोलून दाखविले, आणि मग भिंतीकडे तोंड फिरविले. तिचा त्याग खोटा होता असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु त्या त्यागाच्या हिशेबात एक चूक होती, आणि ती चूक आपल्या घराघरांत चालू आहे. घरातील सर्वांचे आरोग्य ज्या एका देहावर उभे आहे, तो देह हिशेबातून वजा केलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. हा आकडा केवळ गरिबीचा नाही; सर्वांचे जेवून झाल्यावर उरेल ते खाण्याच्या रीतीचाही आहे.

शिर्डीच्या श्रीसाईबाबांच्या चरित्रात, हेमाडपंतांच्या 'श्रीसाईसच्चरिता'च्या बत्तिसाव्या अध्यायात, या संदर्भात मनन करण्याजोगी एक कथा आहे. गोखले नावाच्या एक बाई बाबांच्या पायांशी तीन दिवस उपोषण करून राहण्याचा निश्चय करून शिर्डीस आल्या. शिमग्याचे दिवस होते. बाबांनी त्यांना उपाशी बसू दिले नाही. दादा केळकरांच्या घरी जा, पुरणपोळ्या कर, त्यांच्या मुलाबाळांना वाढ आणि तूही पोटभर खा, असे त्यांना सांगितले. योगायोग असा, की त्या दिवशी केळकरांच्या घरी स्वयंपाकाची अडचणच होती. कथा लहान आहे. एरवी हिचे तात्पर्य 'उपवास करू नये' एवढेच काढले जाते. मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. बाबांनी त्या बाईंना नुसते 'जेव' म्हटले नाही. तसे म्हटले असते तर त्यांनी कदाचित मान हलविली असती आणि ताट बाजूला सारले असते. त्यांना चार मुलांचे काम दिले, आणि त्या कामाच्या ओघात त्यांचे स्वतःचे पानही मांडले गेले. दुसऱ्यांना वाढणे आणि स्वतः जेवणे या दोन गोष्टी तेथे एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

स्वतःला विसरलेल्या स्त्रीला स्वतःच्या देहाकडे कसे वळवावे, याचे याहून मोठे आणि अलीकडचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, जामखेड येथे आहे. चौंडीस पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जन्मस्थानी जाणारे पुष्कळ भाविक जामखेडवरून जातात. तेथे काय घडले हे मात्र त्यांना क्वचितच माहीत असते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले दांपत्य. या जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत असताना त्यांना असे दिसून आले, की बरा करून घरी पाठविलेला रोगी थोड्याच दिवसांत तोच आजार घेऊन परत येतो. नुसत्या रुग्णालयाने गाव निरोगी होत नाही, हे ओळखून, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले व १९७० साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या काळी या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत.

प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिले. ते साधले नाही. बाहेरगावची तरुण मुलगी सांगते ते कोण ऐकणार? मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी असे ठरले. निवडलेल्यांत बहुसंख्य निरक्षर होत्या, पुष्कळशा दलित समाजातील होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. गावात ज्यांच्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती, अशा स्त्रियांना बाळाचे वजन करणे, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी देणे, स्वच्छ बाळंतपण करणे, क्षय व कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे शिकवावयाचे होते. येथे डॉ. मेबल आरोळे यांची दृष्टी विशेष. औषधांच्या पाठाआधी त्यांनी या स्त्रियांना आत्मविश्वासाचा पाठ दिला. निरनिराळ्या जातींच्या बाया जामखेडला एकत्र येत, एकत्र जेवत, मुक्काम करीत, आणि आपण कोणी तरी आहोत हे आधी एकमेकींकडून शिकत. या सेविकांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत स्वतःत झालेल्या बदलाचे वर्णन पुनःपुन्हा येते.

पुढील दोन-अडीच दशकांत तेथील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी तिसाच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडच्या प्रयोगावर प्रकरण आले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली जामखेडच्या एका आरोग्यसेविकेने अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत भाषण केले. सभागृहातील झुंबराकडे बोट दाखवून तिने सांगितले, की डॉक्टर मंडळी या झुंबरासारखी आहेत, सुंदर आणि महागडी. आणि मी पणतीसारखी. पणती स्वस्त असते, परंतु एका पणतीवर दुसरी लावता येते. झुंबरावर झुंबर लावता येत नाही. देवळात रोज पणत्या पाहणाऱ्या आम्हा लोकांना हा दृष्टान्त सुचला नाही, तो तिला सुचला. डॉ. मेबल १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. प्रकल्पाचे काम पुढे चालू राहिले.

या उदाहरणातून मी जे शिकलो ते असे. ज्या बाईला 'स्वतःची काळजी घे' हे शंभर वेळा सांगून उपयोग झाला नसता, तिच्यावर गावातील अर्भकांची काळजी सोपविली गेली. त्या जबाबदारीने तिला आपल्या हातांची, पायांची आणि डोळ्यांची किंमत कळली. रोज दहा घरे हिंडावयाची तर पायांत बळ हवे, आणि गर्भारणीला भाजी-भाकरी पोटभर खा म्हणून सांगावयाचे तर आपण उपाशी राहून कसे चालेल? आपला कोणाला तरी उपयोग आहे ही जाणीव आणि आपला देह जपण्याजोगा आहे ही जाणीव, या दोन्ही तिच्या ठायी एकाच वेळी उगवल्या असाव्यात, असे मला वाटते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच घेतला होता. आरोग्य दुसऱ्यांसाठीच राखावयाचे असेल तर ज्याला दुसरे कोणी उरले नाही त्याने काय करावे? मुले परदेशी, जोडीदार गेलेला, अशी वृद्ध माणसे खिडकीपुढे येतात. 'आता काय, दिवस मोजावयाचे' असे म्हणतात. त्यांना हा उपदेश पोकळ वाटेल. याचे उत्तर मजपाशी पोथीतून आलेले नाही, एका रस्त्यावरून आलेले आहे.

निवृत्तीच्या वर्षी एका तपासणी शिबिरात मला मधुमेह असल्याचे निघाले. डॉक्टरांनी सांगितलेले सर्व मी तीन आठवडे पाळले. मग दिवाळी आली. स्मशानवैराग्याची गोष्ट मी वर लिहिली ती दुसऱ्यांना हसण्यासाठी लिहिली नाही. पुढे आक्का आजारी पडली आणि तिला सकाळी खाटेवरून खुर्चीत बसविण्यास भाच्याला कोणी तरी जोडीला हवे होते. मी रोज पहाटे मळ्यात चालत जाऊ लागलो. जाऊन येऊन चार किलोमीटर. व्यायाम म्हणून नव्हे. तिला उचलावयाचे तर कमरेत ताकद हवी, म्हणून रात्रीचे जड जेवण सुटले; चक्कर येऊन तिच्यासकट पडलो तर काय, या विचाराने गोळी चुकेनाशी झाली. साडेचार वर्षांत माझी साखर आटोक्यात आली. हे मी तिला एकदा सांगितले तेव्हा ती हसली होती, अर्ध्या तोंडाने.

ती गेली. आता चालण्याला कारण उरले नाही, असे वाटून दहा दिवस मी घरी बसलो. सुतक फिटल्यावर पहाटे पाय आपोआप मळ्याच्या वाटेला लागले. तिच्या वाडीच्या फाट्यापर्यंत जाऊन मी परत फिरलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. आज त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. त्या फाट्यावर मला कोणाकडेही जावयाचे नसते. परंतु वाटेत बाभळीवर ऊन येते ते दिसते, श्वास मोकळा चालतो, आणि या देहात असणे बरे वाटते. तेवढे कारण पुरते असा माझा अनुभव आहे. आधी दुसऱ्या कोणासाठी म्हणून देहाची सवय लागते. मग तो दुसरा नसला तरी देहाशी जडलेला स्नेह मागे उरतो. काही दिवस मी जात नाही, आळस करतो, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी जातो.

यात्रेकरूंसाठी एकच सूचना येथे नमूद करणे अगत्याचे वाटते. मधुमेहाची गोळी अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी दर्शन होईपर्यंत उपाशी राहण्याचा हट्ट धरू नये. रांग लांबल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. उपवास करावयाचाच असल्यास आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे आणि जवळ साखर किंवा गूळ बाळगावा. भोवळ आलेल्या भाविकाला उचलून आणताना आम्हा सेवेकऱ्यांना देव रागावलेला कधी दिसला नाही.

अलीकडे पावती लिहिताना मी एक आगाऊपणा करतो. मुलाचे, नातवाचे नाव लिहून झाले की विचारतो, "आणि आपले नाव?" बहुतेक जणी हसून 'राहू द्या, काका' म्हणतात. कोणी संकोचाने मागे पाहतात. गेल्या कार्तिकात एक सत्तरीच्या बाई आल्या होत्या. मागे रांग मोठी होती आणि त्यांची सून 'चला ना, आई' म्हणून घाई करीत होती. नातवाच्या नावाची पावती हातात घेऊन त्या वळल्या, दोन पावले गेल्या, परत आल्या. "लिहा मग माझंही," म्हणाल्या. मी नाव लिहिले. गोत्र विचारले तर ते त्यांना आठवेना, सासरचे सांगावे की माहेरचे याचाही त्यांना उलगडा होईना. ज्यांना गोत्र ठाऊक नसते त्यांचे काश्यप लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. ते लिहून मी पावती त्यांच्या हाती दिली. सुनेने ती वाचली आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना पायरीच्या कडेच्या कठड्याकडून सावकाश खाली नेले.